जिथे दुखतं, तिथे थांबायचं

तिच्याकडे सात रिपोर्ट होते. साडीच्या दुकानातून मिळालेल्या कापडी पिशवीत, तारखेप्रमाणे लावून, वरून रबर गुंडाळलेले. सगळ्यात जुना अकरा वर्षांपूर्वीचा, लग्नाआधीचा. मी एकेक उलगडून टेबलावर मांडला. गर्भाशयाची लांबी-रुंदी, आतल्या अस्तराची जाडी, दोन्ही बीजकोशांची मापं, आणि सातही कागदांच्या तळाशी थोड्याफार फरकानं तेच वाक्य: दोष आढळला नाही. मी वाचत होते तेवढा वेळ ती खुर्चीच्या कडेवर बसून होती. टेकून बसलं की खालून कळ येते, म्हणाली. पाळीच्या चार दिवसांत शौचाला बसताना सुरी फिरल्यासारखं होतं, हे तिनं सांगितलं ते जमिनीकडे बघत. आधी कुणाला सांगितलं होतं का, असं विचारल्यावर म्हणाली, "कुणी विचारलंच नाही, मॅडम. पाळी कधी आली होती ते विचारतात, आणि लघवी साठलीय का."

सातांपैकी तिसरा रिपोर्ट माझ्या सहीचा होता.

तिला ते आठवत नव्हतं, किंवा आठवत असून ती बोलली नाही. मी तो कागद दोनदा वाचला. त्यातलं एकही माप चुकलेलं नव्हतं. त्या दिवशी मी तिला पुन्हा तपासलं, पाऊण तास लावून. गर्भाशय मागे वाकून गुदाशयाला चिकटलेलं. दोन्ही बीजकोश आपापली जागा सोडून गर्भाशयाच्या मागे एकमेकांना टेकलेले. आतड्याच्या भिंतीत सुपारीएवढी गाठ. माझ्या पहिल्या तपासणीच्या वेळी हे सगळं असंच होतं, असं मी म्हणणार नाही. पण काहीतरी होतं, आणि मला ते सापडलं नाही, कारण ते शोधायचं असतं हेच मला कुणी शिकवलं नव्हतं. हे पुस्तक त्या तिसऱ्या रिपोर्टपासून सुरू झालं.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाच्या बाहेर होणं. बीजकोशात, गर्भाशयामागच्या खळग्यात, आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या भिंतीत, मूत्रवाहिनीच्या भोवती. या पेशींनाही पाळीचे संप्रेरक कळतात. महिन्याच्या महिन्याला तिथे दाह होतो, रक्त झिरपतं, मग व्रण धरतो, आणि व्रणानं शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. ॲडिनोमायोसिसमध्ये तीच वाढ गर्भाशयाच्या स्नायूत शिरते. गर्भाशय फुगतं, पाळीत रक्त जास्त जातं, कळा जीवघेण्या होतात. दोन्ही आजार एकाच बाईला असणं अजिबात दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या जवळजवळ १९ कोटी मुली आणि बायकांना एंडोमेट्रिओसिस आहे, आणि पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत ४ ते १२ वर्षं जातात.

इतकी वर्षं का जातात, याचं एक उत्तर आपल्या भाषेतच आहे. आपल्याकडे बाई दुखणं 'अंगावर काढते'. आई म्हणते, आमच्याही वेळी दुखायचं. आत्या म्हणते, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणतात, एक मूल होऊ दे. मूल होत नाही म्हणून जेव्हा ती दवाखान्यात येते तेव्हा दुखण्याला दहा वर्षं झालेली असतात, आणि तिथेही दुखणं दुय्यम ठरतं, मूल पहिलं. डॉक्टरांच्या बोलण्यातही या आजारांना धड नाव नाही. बीजकोशातल्या गाठीला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात, ते एक वेळ ठीक, कारण आत साठलेलं जुनं रक्त खरंच तसं दिसतं. पण ॲडिनोमायोसिससाठी जे बोललं जातं, 'पिशवीला सूज आहे', त्यानं फार नुकसान केलंय. जंतुसंसर्गालाही पिशवीची सूज, फायब्रॉइडलाही सूज, ॲडिनोमायोसिसलाही सूज. ज्या सुजेला वेगवेगळी कारणं आहेत तिच्यावर एकच इलाज सुचतो, आणि तो म्हणजे पिशवी काढणं.

आजार नवे नाहीत. व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० साली गर्भाशयाच्या भिंतीत अस्तरासारखी ग्रंथींची वाढ असल्याचं लिहिलं, आणि दोन्ही आजारांचा इतिहास बहुधा तिथून मोजला जातो. अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये चॉकलेट सिस्टचं बारकाईनं वर्णन केलं आणि १९२७ मध्ये पाळीचं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं, त्यातून हा आजार रुजतो, ही मांडणी केली. ती मांडणी आजही पुरी पडत नाही आणि पुरती सोडताही येत नाही. तिची चर्चा दुसऱ्या प्रकरणात आहे. इथे मला वेगळा मुद्दा सांगायचाय. गेल्या शंभर वर्षांत या आजारांबद्दल जे कळलं ते बहुतेक पोट उघडून, दुर्बीण घालून, नाहीतर काढलेलं गर्भाशय कापून. ॲडिनोमायोसिसचं निदान तर कित्येक वर्षं गर्भाशय काढल्यानंतर पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावरच होत होतं. साहजिकच पुस्तकांत लिहिलं गेलं की हा चाळिशीतल्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांचा आजार. गर्भाशय काढलं जात होतं ते त्याच बायकांचं. विशीतल्या मुलीचं गर्भाशय कापून बघायला कुणाला मिळणार होतं? सोनोग्राफीनं आत नीट बघता यायला लागल्यावर तोच आजार तरुण, मूल न झालेल्या मुलींतही दिसू लागला. तो त्यांच्यात आधीही होताच.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोटातलं बाळ येतं. वेटिंग रूममध्ये शेजारची बाई सहज विचारते, "कितवा महिना?" पण या यंत्राची सुरुवात आठवली पाहिजे. १९५५ च्या जुलै महिन्यात ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड जवळच्या रेन्फ्रू गावातल्या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. डोनाल्ड यांनी गाड्यांच्या डिकीत भरून नेल्या होत्या शस्त्रक्रियांत काढलेल्या गाठी: फायब्रॉइड आणि बीजकोशाच्या सिस्ट. भरीव गाठ आणि पाणी भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या कारखान्यात दिसलं. पुढे जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राऊन यांच्यासह त्यांचा निबंध १९५८ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्या सुरुवातीच्या काळात एका बाईच्या पोटातली वाढ शस्त्रक्रियेपलीकडचा कर्करोग आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्रानं ती बीजकोशाची मोठी सिस्ट असल्याचं दाखवलं. सिस्ट काढली आणि बाई वाचली. म्हणजे हे यंत्र बाईच्या दुखण्यासाठी आलं होतं. बाळ त्यात नंतर दिसलं, आणि मग फक्त बाळच दिसत राहिलं.

१९८० च्या दशकात योनीमार्गातून तपासणारा प्रोब आला, आणि हा सगळा विषय त्याच्याशी बांधलेला आहे. पोटावरून बघताना कातडी, चरबी, आतडी ओलांडून लहरींना खाली जावं लागतं. आतून बघताना गर्भाशय आणि प्रोब यांत जेमतेम बोटभर अंतर असतं, त्यामुळे जास्त वारंवारतेच्या लहरी वापरता येतात आणि मिलिमीटरच्या गोष्टी उलगडतात. आमच्याकडे बायका यांना 'वरची' आणि 'आतली' सोनोग्राफी म्हणतात. शब्द चांगले आहेत, मी पुस्तकभर तेच वापरलेत.

पण नुसता जवळून फोटो घेतला म्हणून हा आजार दिसत नाही. एंडोमेट्रिओसिसचा घात गाठीइतकाच चिकटण्यात आहे, आणि चिकटणं फोटोत येत नाही. एकमेकांना टेकलेली दोन माणसं फोटोत बघून ती नुसती शेजारी उभी आहेत की त्यांचे हात बांधलेले आहेत, हे कसं कळणार? त्यांना चालायला सांगावं लागतं. २०१६ मध्ये 'आयडिया' या आंतरराष्ट्रीय गटानं खोल एंडोमेट्रिओसिसच्या सोनोग्राफीची जी पद्धत एकमतानं ठरवली, तिचा जीव मला या 'चालायला सांगण्यात' दिसतो. आधी नेहमीप्रमाणे गर्भाशय आणि बीजकोश बघायचे, ॲडिनोमायोसिसच्या आणि चॉकलेट सिस्टच्या खुणा शोधायच्या. मग प्रोबच्या टोकानं हलकेच दाबून बीजकोश जागेवरून हलतात का, आणि नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं, ते बघायचं. मग गर्भाशयामागचा खळगा मोकळा आहे का ते. आणि शेवटी पुढच्या-मागच्या बाजूला, मूत्राशयात, आतड्याच्या भिंतीत, गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांत गाठी आहेत का, ते.

यातली तिसरी गोष्ट मला प्रत्यक्ष दाखवावीशी वाटते. प्रोब आत असतो. मी तो गर्भाशयाच्या मुखावर अगदी हळू दाबते आणि सोडते. निरोगी बाईत पडद्यावर एक सुंदर हालचाल दिसते: गुदाशयाची भिंत गर्भाशयमुखाच्या मागून सरकते, ओल्या पाटीवरून दुसरी ओली पाटी सरकावी तशी, कुठे अडत नाही. मग डावा हात मी तिच्या ओटीपोटावर ठेवते आणि गर्भाशयाचा वरचा भाग प्रोब आणि हात यांच्यात अलगद हलवते. तिथेही आतडं मागून सरकायला हवं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. ज्यांच्यात खळगा बंद झालेला असतो त्यांच्यात काही सरकत नाही. गर्भाशय ढकललं की आतडं त्याच्याबरोबर एकजीव असल्यासारखं येतं, आणि बहुतेक वेळा त्याच क्षणी तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होतो. तिथे थांबायचं. दाबायचं सोडायचं, विचारायचं: "पाळीत दुखतं ते हेच का?" अनेकजणी 'हो' म्हणायच्या आधी रडतात. इतक्या वर्षांत त्यांच्या दुखण्यावर कुणी बोट ठेवलेलं नसतं. तिथे शब्दशः बोट ठेवलं जातं.

चॉकलेट सिस्ट ओळखणं त्यामानानं सोपं. आतलं जुनं रक्त पडद्यावर एकसारखं करडं, बाथरूमच्या खिडकीला लावतात त्या दुधी काचेसारखं दिसतं. दोन्ही बीजकोश चिकटून मागे ओढले गेले की ते मध्यावर एकमेकांना टेकतात. तसं दिसलं की आतडं आणि खळगा अधिक कसून तपासायचा. आतड्याच्या भिंतीतली गाठ काळसर दिसते, स्नायूच्या पातळ पट्टीत मध्येच फुगवटा यावा तशी. तिची लांबी, रुंदी, जाडी मोजायची आणि गुदद्वारापासूनचं अंतरही लिहायचं, कारण शस्त्रक्रिया करणाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

आणि मूत्रपिंडं. हा परिच्छेद मी संपादकांना ठळक अक्षरांत छापायला सांगणार होते, मग ठरवलं की साध्या अक्षरांतच वाचावा. मूत्रवाहिनीभोवती आजार आवळत गेला की मूत्रपिंडावर मागून दाब येतो. हे बहुतेकदा न दुखता होतं. बाई पाळीच्या दुखण्यानं हैराण असते आणि एका बाजूचं मूत्रपिंड आवाज न करता निकामी होत असतं. आतली सोनोग्राफी संपल्यावर वरचा प्रोब उचलून दोन्ही कुशींवर ठेवायला फार तर दोन मिनिटं लागतात. खोल एंडोमेट्रिओसिस असलेल्या प्रत्येक बाईला, प्रत्येक वेळी, ही दोन मिनिटं दिली गेली पाहिजेत. यात मला कसलीही सबब मान्य नाही.

ॲडिनोमायोसिसची खूण डोळ्याला लावून घ्यावी लागते. 'म्यूसा' या गटानं गर्भाशयाच्या स्नायूचं वर्णन कसं करावं, याचे शब्द २०१५ मध्ये ठरवले आणि २०२२ मध्ये सुधारले. आता काही खुणा थेट धरल्या जातात: स्नायूत बारीक पाण्याचे थेंब, पांढुरकी बेटं, अस्तराखालून स्नायूत शिरणाऱ्या उजळ रेघा आणि कळ्या. बाकीच्या आडून सांगणाऱ्या: गर्भाशय गोल गरगरीत होणं, पुढची आणि मागची भिंत असमान जाड होणं, पंख्याच्या काड्यांसारख्या सावल्या, अस्तर आणि स्नायू यांच्यामधली सीमारेषा तुटक होणं. फायब्रॉइड आणि ॲडिनोमायोसिस यांतला फरक इथेच कळतो: फायब्रॉइडला कडा असते, रक्तवाहिन्या तिच्या भोवतीनं जातात, ॲडिनोमायोसिसला कडा नसते, रक्तवाहिन्या त्याच्या आरपार जातात. ज्या डॉक्टरांनी 'पिशवीला सूज' हे दोनच शब्द आयुष्यभर लिहिले त्यांनी यातल्या तीन खुणा जरी रिपोर्टवर लिहायला सुरुवात केली, तरी समोरच्या बाईपुढचे रस्ते वाढतात. तिला गोळ्या देता येतात, संप्रेरक सोडणारी तांबी बसवता येते, मूल हवं असेल तर त्याची आखणी वेगळी करता येते.

आता या पुस्तकाच्या मुख्य विषयाकडे येते. निदान एकदा होतं. लक्ष ठेवणं वर्षानुवर्षं चालतं. त्याबद्दल मराठीत मला काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहिलं.

लक्ष ठेवणं म्हणजे दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी काढून मिलिमीटर मोजत बसणं नव्हे. माझ्याकडे बायका येतात त्या घाबरून: "मागच्या वेळी अडतीस होती, आता एक्केचाळीस झालीय." तीन मिलिमीटरचा फरक दोन हातांत, दोन यंत्रांत, पाळीच्या दोन वेगळ्या दिवसांत पडतो. तेवढ्यानं काही वाढलेलं नसतं. उलट ज्यांची गाठ तेवढीच आहे पण खळगा मागच्या वेळी मोकळा होता आणि आता बंद आहे, त्यांचा आजार पुढे गेलेला असतो, आणि मिलिमीटरच्या रकान्यात ते कुठेच दिसत नाही. गाठीचा आकार आणि दुखणं यांचं प्रमाण जुळत नाही हेही ध्यानात ठेवावं लागतं. मोठी सिस्ट घेऊन बिनबोभाट फिरणाऱ्या बायका आहेत, आणि सोनोग्राफीत जवळजवळ काही न दिसता पाळीत जमिनीवर लोळणाऱ्या मुली आहेत. बघणाऱ्यानं प्रत्येक वेळी तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचारले आणि उत्तरं लिहून ठेवली, तरच दोन रिपोर्ट शेजारी ठेवण्यात अर्थ असतो.

कधी कधी वेळ हीच तपासणी असते. बीज बाहेर पडल्यावर बीजकोशात रक्त साठून होणारी साधी गाठ पहिल्या दिवशी चॉकलेट सिस्टसारखी दिसू शकते. दोन-तीन पाळ्या जाऊ दिल्या की साधी गाठ विरते, चॉकलेट सिस्ट राहते. पहिल्याच सोनोग्राफीवर दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलेल्या मुली मी पाहिल्यात, ज्यांची गाठ ऑपरेशनच्या तारखेआधी नाहीशी झाली. ऑपरेशन सोपं वाटतं, पण चॉकलेट सिस्ट काढताना तिच्याबरोबर बीजकोशाचा निरोगी थरही थोडाफार जातो आणि बीजांचा साठा कमी होतो. तेविशीतल्या मुलीच्या बाबतीत दोन पाळ्या थांबायला काय हरकत आहे? ऑपरेशन करूनही आजार परतू शकतो. २००९ साली एका आढाव्यात दिलेले आकडे आजही सांगितले जातात: दोन वर्षांत २१.५ टक्के आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के. म्हणून ऑपरेशननंतरची पहिली सोनोग्राफी मला फार मोलाची वाटते. ती नवी सुरुवातीची खूण असते. पुढचं सगळं तिच्याशी ताडून बघायचं असतं.

गोळ्या चालू असताना काय बघायचं? डायनोजेस्ट रोज २ मिलिग्रॅम घेणाऱ्या बहुतेक बायकांचं दुखणं उतरतं, आणि चॉकलेट सिस्टही हळूहळू आकसतात. आतड्यातली गाठ मात्र पुष्कळदा तेवढीच राहते, आणि तेवढीच राहिली तरी ती बरी बातमी असते. गरोदरपणात चॉकलेट सिस्टच्या आतल्या भिंतीला कोंब फुटल्यासारखं दिसून कर्करोगाची शंका येऊ शकते; अशा वेळी घाईनं पोट उघडण्यापेक्षा अनुभवी नजरेखाली पुन्हा बघणं बहुतेकदा शहाणपणाचं. याउलट, पाळी गेलेल्या बाईच्या जुन्या सिस्टमध्ये रक्तप्रवाह असलेला नवा भरीव भाग दिसला तर अजिबात वाट बघायची नाही. पाळी गेली म्हणजे आजार गेला, हे बहुतेकींच्या बाबतीत खरं, पण सगळ्यांच्या नाही.

आता मर्यादा. पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले वरवरचे ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत, एमआरआयमध्येही नाहीत. युरोपियन संस्था एश्रे हिनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दुर्बिणीच्या ऑपरेशनला निदानाच्या सर्वश्रेष्ठ कसोटीचं स्थान राहिलं नाही असं म्हटलं, आणि त्याच सूचनांत हेही म्हटलं की तपासणी स्वच्छ आली म्हणून आजार नाही असं समजू नये. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. सूचनांमध्ये आणखी एक प्रामाणिक कबुली आहे: सरसकट सगळ्यांवर दीर्घकाळ नियमित तपासणीची नजर ठेवल्यानं गुंतागुंत लवकर सापडते, असा पुरावा अजून नाही. मी हे लपवत नाही, कारण मला सोनोग्राफ्यांची संख्या वाढवायची नाही. आतडं, मूत्राशय, मूत्रवाहिनी यांपर्यंत पोचलेला आजार, किंवा ३ सेंटिमीटरहून मोठी चॉकलेट सिस्ट असलेल्या बायकांचा पाठपुरावा करावा, असं ब्रिटनच्या नाईस संस्थेनं सुचवलंय. मीही साधारण तिथेच रेघ ओढते. बाकीच्यांनी दुखणं बदललं की यावं. वर्षाची तारीख उजाडली म्हणून नव्हे.

महाराष्ट्रात हा विषय लिहिताना दोन गोष्टी टाळून पुढे जाता येत नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्यानं १९८८ मध्ये केला; देशाचा कायदा १९९४ चा. तो कायदा हवाच होता आणि आजही हवा आहे. मुली वाचवण्यासाठी सोनोग्राफीच्या खोलीवर पहारा बसला. पण त्या खोलीची ओळख मात्र 'गरोदर बायकांची जागा' अशीच पक्की झाली, आणि तिथे पाय ठेवायला अविवाहित मुलगी लाजते, तिची आई तिच्याहून जास्त. माझ्या दाराशी एक आई लेकीला घेऊन तासभर उभी होती, आत आली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "ताई, हिचं लग्न व्हायचंय." अशा मुलीची आतली सोनोग्राफी तिच्या संमतीशिवाय होणार नाही, हे मी आधी सांगते, आणि आईला नव्हे, मुलीला सांगते. भरल्या लघवीवर वरून बघता येतं, गुदमार्गातून बघता येतं, एमआरआय करता येतो. वरून फारसं कळलं नाही तर रिपोर्टवर 'दोष नाही' असं न लिहिता 'या पद्धतीनं खोल आजार तपासता आला नाही' असं लिहावं. हे एक वाक्य पुढच्या डॉक्टरचं डोकं चालू ठेवतं.

दुसरी गोष्ट बीडची. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याच्या बातम्या आल्यावर राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागे मुकादम, उचल, पाळीमुळे पडणारा खाडा, खाजगी दवाखाने असं बरंच काही आहे, आणि त्यावर लिहिणारे माझ्याहून जाणकार लोक आहेत. मी सोनोग्राफी करणारी म्हणून एवढंच विचारते: त्या कागदांवर काय लिहिलं होतं? ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं, आणि खाली 'पिशवीला सूज'? जिला एंडोमेट्रिओसिस असेल तिचं गर्भाशय काढूनही आतड्यातली गाठ तिथेच राहते, दुखणंही राहतं. पिशवी काढल्यानंतर चार वर्षांनी त्याच कळा घेऊन आलेल्या बायका मी तपासल्यात. त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं की दुखणं पिशवीत नव्हतं.

हे पुस्तक मी दोघांसाठी लिहिलंय: ज्यांना दुखतं त्यांच्यासाठी, आणि तालुक्याच्या गावात दिवसाला चाळीस सोनोग्राफ्या करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठी. सहकाऱ्यांवर रोष नाही. चाळीस तपासण्यांच्या रांगेत पाऊण तास कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. पण सरकतंय की नाही ते बघायला मिनिट लागतं, मूत्रपिंडांना दोन, आणि "शौचाला दुखतं का?" हे विचारायला तेवढंही नाही. पाचव्या प्रकरणात ही चार मिनिटांची तपासणी चित्रांसह दिली आहे. त्यात काही शंकास्पद सापडलं तर बाईला सविस्तर तपासणीसाठी पुढे पाठवावं. सगळं स्वतःच करायला हवं असं नाही.

शेवटची सोळा पानं कोरी आहेत. ती वाचणारणीची आहेत. पहिल्या रकान्यात तपासणीची तारीख, दुसऱ्यात पाळीचा कितवा दिवस, तिसऱ्यात कोणती गोळी किती दिवस चालू आहे. मग उजवा बीजकोश, डावा बीजकोश, खळगा मोकळा की बंद, आतड्याची गाठ, दोन्ही मूत्रपिंडं. हे रकाने डॉक्टरांकडून भरून घ्यावेत. नाही भरले तर मागावेत. सगळ्यात रुंद रकाना शेवटी ठेवलाय, तो स्वतःच्या हातानं भरायचा. त्याच्यावर छापलंय: कुठे दुखलं. सात रिपोर्ट घेऊन आलेल्या त्या बाईला छपाईच्या आधीची प्रत मी दिली होती. तिनं तो रकाना भरला आणि बाजूच्या समासातही लिहिलं.